आठ्या घालवायच्या आहेत, पण बोटॉक्सची भीती वाटते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे बोटॉक्ससाठी येणाऱ्या बायका आणि आता पुरुषही खर्च, सुट्टी, लग्नाची तारीख हे सगळं आधी विचारतात. खरा प्रश्न मात्र मी सुई हातात घेतल्यावर हळूच येतो. तो आधीच विचारला जावा, शांतपणे घरी बसून वाचता यावा, म्हणून हे पान लिहिलं आहे. हे वाचून तुम्ही इंजेक्शन घ्यायचं नाही असं ठरवलंत तरी मला आनंदच आहे. माहीत नसताना, कुणाच्याही हातून घेतलंत तर मात्र वाईट वाटेल.

डॉक्टर, हे विष असतं ना हो?

हो. यात लपवण्यासारखं काही नाही. क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचे जिवाणू जिथे हवा पोचत नाही अशा अन्नात वाढले की बोटुलिनम हे विष तयार होतं. बोटॉक्स त्याचंच बनवलेलं औषध. ते पोटात गेलं तर बोटुलिझम हा आजार होतो. त्यात स्नायू लुळे पडत जातात आणि उपचार मिळाले नाहीत तर श्वास बंद पडतो. ‘बोटुलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. जर्मनीत सॉसेज खाऊन माणसं दगावायची. १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने त्याची लक्षणं बारकाईने टिपली. हा गृहस्थ कवीही होता. हेच विष अगदी थोडं वापरलं तर स्नायूंच्या आजारांवर औषध ठरेल, असा अंदाजही त्याने तेव्हाच मांडला होता.

तो खरा ठरायला दीडशे वर्षं लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर हे औषध वापरून पाहिलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) तिरळेपणा आणि पापण्यांच्या झटक्यांसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांचा शोध योगायोगाने लागला. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या झटक्यांसाठी इंजेक्शनं द्यायच्या. भुवयांमध्ये टोचलं की कपाळ छान मोकळं दिसतं, असं एका रुग्ण बाईंनी त्यांना सांगितलं. त्यांचे पती अॅलिस्टर त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीएची मान्यता मिळाली.

आता मात्रेचं बघू. बोटॉक्सच्या १०० युनिटच्या (युनिट म्हणजे औषधाचा जोर मोजायचं माप) बाटलीत मूळ विष एक नॅनोग्रॅमपेक्षाही कमी असतं. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. भुवयांमधल्या आठ्यांना त्यातले २० युनिट लागतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन येणारा अपंगपणा) झालेल्या लहान मुलांच्या पायांचे ताठरलेले स्नायू सैल करायला हेच औषध याच्या कितीतरी पट मात्रेत देतात.

मग ते चेहऱ्यात नेमकं करतं काय?

आरशासमोर उभं राहून रागावल्यासारखं करा. दोन्ही भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेषा पडतील. तिथे बोट ठेवलंत तर आतला स्नायू गोळा झालेला लागेल. मज्जातंतू असेटिलकोलीन नावाचं रसायन सोडतो आणि त्या हुकमाने स्नायू आवळतो. बोटॉक्स मज्जातंतूच्या टोकाशी शिरून हे रसायन बाहेर सोडणारं एक प्रथिन तोडतं. हुकूम पोचत नाही, स्नायू सैल राहतो आणि वरच्या कातडीला घडी पडत नाही.

परिणाम तीन-चार दिवसांनी जाणवायला लागतो आणि दोन आठवड्यांत पुरता दिसतो. तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पुन्हा कामाला लागतो आणि आठी परत येते.

चेहरा शांत असतानाही ज्या खोल रेषा दिसतात त्या यामुळे पूर्ण जातीलच असं नाही. उन्हाने रापलेल्या, सैल पडलेल्या कातडीचं हे औषध नव्हे.

तोंड वाकडं होईल का? लकवा झाल्यासारखं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कपाळ, भुवयांमधली जागा आणि डोळ्यांच्या कडा एवढ्याच ठिकाणी योग्य मात्रेत टोचलं तर तोंड वाकडं होत नाही, कारण ओठ हलवणारे स्नायू तिथून लांब आहेत. धोका आहे तो ओठांभोवती आणि हनुवटीवर टोचताना, किंवा डोळ्याच्या कडेचं इंजेक्शन गालावर फार खाली गेलं तर. हसताना ओठाचा एक कोपरा वर जातो, दुसरा जात नाही. मेंदूतला लकवा वेगळा आणि हे वेगळं. हे आपोआप भरून येतं. पण ते भरून येईपर्यंत रोज त्याच चेहऱ्याने लोकांसमोर जावं लागतं, हेही खरं. पहिल्यांदा घेणाऱ्यांना मी ओठांभोवती टोचत नाही. आधी भुवया, मग पुढचं पुढे.

पापणी पडते असं ऐकलंय. ते किती जणांना होतं?

भुवयांमधल्या आठ्यांसाठी ज्या मूळ चाचण्यांवर मान्यता मिळाली, त्यांत बोटॉक्स घेतलेल्या ४०५ जणांपैकी सुमारे ३ टक्क्यांची पापणी खाली आली. औषधाचा थेंब कपाळाच्या हाडाखालून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत उतरतो, म्हणून हे होतं. ते टाळायला जागा मोजावी लागते. भुवईखाली बोट दाबलं की डोळ्याच्या खोबणीची हाडाची कड लागते. तिथलं इंजेक्शन त्या कडेच्या किमान एक सेंटिमीटर वर द्यायचं. मी डावा अंगठा त्या कडेवर घट्ट दाबून धरते आणि सुईचं टोक वरच्या बाजूला ठेवते. डॉक्टर असं करताना दिसले तर समजा की त्यांना त्या जागेचा धाक आहे, आणि तो असायलाच हवा.

एक बाई माझ्याकडे मुलीच्या लग्नाच्या नऊ दिवस आधी आल्या होत्या. ओळखीच्या पार्लरमध्ये कुणीतरी ‘बाहेरून येणाऱ्या मॅडम’ टोचून गेल्या होत्या. बाईंचा उजवा डोळा अर्धा मिटलेला होता. कोणतं औषध, किती युनिट, बाटली कोणती, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. मॅडमचा फोन बंद. मी त्यांना अॅप्राक्लोनिडीनचे थेंब लिहून दिले. पापणीतला एक छोटा वेगळा स्नायू त्याने आवळतो आणि पापणी एक-दोन मिलिमीटर वर येते. त्याचा असर तात्पुरता असतो, पुन्हा पुन्हा घालावे लागतात. लग्नात त्यांनी प्रत्येक फोटोत मान थोडी वळवून उभं राहणं पसंत केलं. पापणी नंतर पूर्ण बरी झाली. ते फोटो बघताना मुलीला काय वाटत असेल, ही हळहळ मला अजून आहे.

चेहरा दगडासारखा, भावना नसलेला होतो का?

मात्रा जास्त झाली तर होतो. कपाळावरचा स्नायू भुवया वर उचलून धरतो. तो पूर्ण झोपवला तर भुवया खाली येतात आणि माणूस थकलेला दिसतो. फक्त मधला भाग झोपवला तर भुवयांची बाहेरची टोकं वर चढतात आणि सारखं आश्चर्य वाटतंय असा चेहरा दिसतो. हे नंतर एक-दोन युनिटनी सावरता येतं. म्हणून कमी द्यावं, दोन आठवड्यांनी बघावं आणि लागलंच तर भर घालावी. घातलेलं औषध काढून घेता येत नाही. फिलर, म्हणजे खळगे-रेषा भरायला टोचतात ते जेल, त्यापैकी हायालुरॉनिक आम्लाचं फिलर विरघळवता येतं, बोटॉक्सवर तसा उतारा नाही.

जीवावर बेतू शकतं का?

औषध खरं असेल, मात्रा सांगितलेली असेल आणि टोचणारा जाणकार असेल तर चेहऱ्यासाठी ही भीती बाळगू नका. अमेरिकेत २००९ पासून बोटुलिनमच्या सगळ्या औषधांवर चौकटीतला ठळक इशारा छापतात. औषधाचा परिणाम टोचलेल्या जागेपासून दूर पसरून गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, काही तासांपासून काही आठवड्यांनंतरही, असा तो इशारा आहे. हा धोका सगळ्यात जास्त मोठ्या मात्रा घेणाऱ्या, आखडलेले स्नायू सैल करून घेणाऱ्या मुलांना. चेहऱ्यावरच्या रेषांसाठी नेमून दिलेल्या मात्रेत असा गंभीर प्रकार नक्की झाल्याची नोंद नाही, असं बोटॉक्सच्या माहितीपत्रकात म्हटलं आहे.

मग बातम्या येतात त्या कुठून? नीट वाचल्या तर बाटली खोटी, परवाना नसलेली किंवा मात्रा भलतीच, असंच निघतं. २००४ मध्ये फ्लोरिडात चौघांना गंभीर बोटुलिझम झाला. त्यांना टोचलेलं विष प्रयोगशाळेसाठी बनवलेलं, माणसांना द्यायचंच नव्हतं, आणि त्या चौघांत टोचणारा डॉक्टर स्वतःही होता. २०२३ मध्ये वजन उतरावं म्हणून तुर्कस्तानात जठरात बोटुलिनमची इंजेक्शनं घेतलेल्यांपैकी ६७ जणांना बोटुलिझम झाल्याची नोंद युरोपच्या रोगनियंत्रण केंद्राने केली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (तिथलं रोगनियंत्रण केंद्र) ११ राज्यांतल्या २२ जणींची माहिती दिली. बनावट किंवा नीट न हाताळलेलं औषध घेतल्यावर त्यातल्या ११ जणींना रुग्णालयात भरती व्हावं लागलं होतं. यांपैकी काहींनी ही इंजेक्शनं घरी, तर काहींनी स्पामध्ये घेतली होती. २०२५ च्या जून-जुलैत इंग्लंडमध्येही अशा ३८ घटना नोंदल्या गेल्या.

यांतल्या बऱ्याच जणांनी इंजेक्शन घेताना ‘बोटॉक्स’ हाच शब्द ऐकला असणार. म्हणून माझं सांगणं एकच आहे. बाटली बघितल्याशिवाय टोचून घेऊ नका.

बाटली बघून मला काय कळणार?

पुष्कळ कळतं. सांगते.

बोटॉक्सची नवी बाटली हातात घेतलीत तर ती रिकामीच वाटेल. तळाशी पांढुरका, पातळ थर असतो, तोही नीट निरखला तरच दिसतो. तेच औषध. पाण्यासारखं तयार द्रव भरलेली बाटली किंवा आधीच भरून आणलेली सिरिंज समोर आली तर थांबा आणि हे कधी, कोणी, कशातून भरलं ते विचारा.

बाटली तुमच्यासमोर फ्रिजमधून यायला हवी. ती २ ते ८ अंशांत ठेवायची असते. पर्समधून, डब्यातून निघालेली नको. खोका आणि बाटली यांवरचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख एकच आहे ना, बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी स्वतः फोटो काढायला सांगते. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

मग डॉक्टर त्यात सलाईन मिसळतात. सुई बुचातून आत गेली की सलाईन आपोआप आत ओढलं जातं, कारण बाटलीत निर्वात पोकळी असते. ओढलं गेलं नाही तर ती बाटली वापरायची नाही. नंतर बाटली हलकेच फिरवायची, जोरात हलवायची नाही.

मिसळल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत, एकाच रुग्णासाठी वापरावं असं माहितीपत्रक सांगतं. प्रत्यक्षात बऱ्याच दवाखान्यांत एका बाटलीतून दोघा-तिघांना देतात, कारण बाटली महाग असते. तसं असेल तर निदान ‘ही कधी मिसळली?’ एवढं विचारण्याचा तुमचा हक्क आहे, आणि सुई-सिरिंज नवीच हवी.

मैत्रिणीला ५० युनिट दिले आणि मला २०. मला कमी दिलं का?

तिला बहुधा डिस्पोर्ट, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं बोटुलिनमचं औषध, दिलं असेल. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचे २० युनिट लागतात, डिस्पोर्टचे ५०. प्रत्येक कंपनीचं युनिट वेगळं मोजलेलं असतं. एकाचे युनिट दुसऱ्यात बदलायचं ठरलेलं कोष्टक नाही. म्हणून मैत्रिणीचा आकडा घेऊन भाव करू नका. आधी औषधाचं नाव विचारा, मग युनिट.

बोटॉक्ससाठी ठरलेल्या मात्रा अशा: भुवयांमध्ये पाच ठिकाणी ४-४ युनिट, म्हणजे २०. दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४. कपाळावरच्या आडव्या आठ्यांना आणखी २०, तेही भुवयांमधल्या इंजेक्शनांच्या जोडीने. तिन्ही मिळून ६४ झाले. १०० युनिटमध्ये अडीच मिलिलिटर सलाईन घातलं तर एका टोचणीच्या ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. कुणी पाच मिलिलिटर घातलं तर तेवढ्याच थेंबात दोनच येतील. ‘स्वस्त’ बोटॉक्स महिनाभरात का उतरतं, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. शिवाय पातळ औषध जास्त पसरतं.

पार्लरमध्ये किंवा बोटॉक्स पार्टीत घेतलं तर?

नको. कितीही ओळखीचे असले तरी नको.

हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. टोचणाऱ्याला चेहऱ्याचे स्नायू पाठ हवेत आणि चक्कर आली, अॅलर्जी उठली तर ते सांभाळण्याची सोय खोलीत हवी. पाटीवर एम.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. (त्वचारोग), डी.एन.बी. (त्वचारोग) किंवा प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. ही पदवी शोधा. महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि तिच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. शनिवार-रविवारच्या कोर्सची प्रमाणपत्रं भिंतीवर लावलेली असतात. ती बघून भुलू नका.

कोणी घेऊच नये?

मायस्थेनिया ग्रेव्हिस, लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम, एएलएस असे मज्जातंतू-स्नायूंचे आजार असणाऱ्यांनी लांब राहावं. त्यांच्यात साध्या मात्रेनेही गिळण्याचा आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो. कधी कधी हा आजार निदान न होताच असतो. म्हणून संध्याकाळी पापण्या जड होतात का, दोन-दोन दिसतं का, जेवताना चावून चावून थकायला होतं का, हे मी प्रत्येकाला विचारते.

गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल तर पुढे ढकला. आठी कुठे पळून जात नाही. टोचायच्या जागी पुळ्या किंवा जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होऊ द्या. डिस्पोर्टमध्ये गाईच्या दुधातली प्रथिनं सूक्ष्म प्रमाणात असू शकतात, त्यामुळे दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असणाऱ्यांना ते देत नाहीत. दूध पिऊन पोट बिघडतं ती गोष्ट वेगळी, ती सांगा पण घाबरू नका. बोटॉक्समध्ये मानवी रक्तातून मिळवलेलं अल्ब्युमिन हे प्रथिन असतं. धर्माच्या किंवा मनाच्या कारणाने ते नको असेल तर आधी बोला.

अठरा वर्षांखालील मुलींना मी देत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून सौंदर्यासाठी अठराच्या आतल्यांना हे टोचणं कायद्यानेच गुन्हा आहे.

बीपी, शुगरच्या गोळ्या चालू आहेत.

त्या चालतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतील तर निळे डाग जास्त पडतील एवढंच, पण हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका. अमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं सुरू असतील तर नक्की सांगा, त्यांनी बोटॉक्सचा जोर वाढतो. मानेसाठी, मायग्रेनसाठी किंवा घामासाठी दुसरीकडे बोटॉक्स घेत असाल तर तेही सांगा. तीन महिन्यांत सगळं मिळून ४०० युनिटची मर्यादा धरलेली आहे.

मुलाचं लग्न आहे. किती दिवस आधी घेऊ?

पहिल्यांदाच घेत असाल तर दोन महिने आधी. परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, काही कमी-जास्त झालं तर सावरायला वेळ हातात राहतो. हळदीच्या आठवड्यात येणाऱ्यांना मी परत पाठवते.

घेतल्यावर पथ्य काय?

त्या दिवशी चेहरा चोळू नका, फेशियल आणि डोक्याची मालिश नको. चार तास आडवं न होण्याचा आणि व्यायाम, शीर्षासन दुसऱ्या दिवसावर टाकण्याचा सल्ला आम्ही देतो. खाण्यापिण्याचं पथ्य काही नाही. टोचलेल्या जागी फुगवटे येतात, ते तासाभरात बसतात. थोडं डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या.

एकदा सुरू केलं की सोडता येत नाही म्हणे? सोडलं तर सुरकुत्या दुप्पट होतात?

नाही. सोडलंत की चेहरा हळूहळू पूर्वीसारखा होतो. तीन महिने गुळगुळीत कपाळ बघायची सवय झालेली असते, म्हणून परतलेली आठी मोठी वाटते. वर्षानुवर्षं घेतल्याने तो स्नायू थोडा बारीक होतो, हे खरं. पण तीन महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा भर घालत राहू नका. शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार केली तर पुढे औषध लागू पडत नाही, आणि कधी काळी एखाद्या आजारासाठी तेच औषध लागलं तर पंचाईत.

बोटॉक्स क्रीम आणि हेअर बोटॉक्स?

सलूनमधल्या हेअर बोटॉक्समध्ये बोटुलिनम नसतंच, ते केसांना लावायचं नुसतं कंडिशनिंग असतं. आणि दुकानात मिळणाऱ्या क्रीममधूनही हे औषध कातडीखालच्या स्नायूपर्यंत पोचवता येत नाही.

इंजेक्शननंतर काय झालं तर लगेच धावायचं?

एक पापणी जड वाटली तर आपल्या डॉक्टरला फोन पुरे. पण दोन-दोन दिसणं, आवाज बदलणं, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, घास घशात अडकणं, मान किंवा हात-पाय सैल पडणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं, मग इंजेक्शन होऊन दोन आठवडे का झालेले असेनात, तर थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. ‘मी बोटुलिनमचं इंजेक्शन घेतलंय’ हे पहिलं वाक्य सांगा आणि बाटलीचा फोटो दाखवा. बरेच जण लाजेपोटी हे लपवतात आणि डॉक्टर भलताच आजार शोधत बसतात. बोटुलिझमवरचं प्रतिविष स्नायूंची गेलेली ताकद परत आणत नाही, ते पुढची घसरण थांबवतं. म्हणून ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

औषधाचा कुठलाही दुष्परिणाम भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतः कळवता येतो. बाटली बनावट वाटली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तेव्हा तो बॅच क्रमांकाचा फोटो लागेल.